मुनव्वरचा कान आणि नामाचा पाय

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक गाव मागे टाकताना डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. शेडवर पाटी नाही. पाटीची गरज मुनव्वर जळगावकरला कधी पडली नाही, आणि आता लावून उपयोग नाही.

या शेडमध्ये चाळीस वर्षं डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं काम झालं. घाट चढायच्या आधी मालाचा ट्रक इथे थांबायचा. ड्रायव्हर खाली उतरण्याचीही तसदी घ्यायचा नाही. इंजिन चालू ठेवून दोनदा रेस द्यायचा आणि खिडकीतून मुनव्वरकडे बघायचा. मुनव्वर लोखंडी स्टुलावर बसलेला असायचा. हातात चहा असला तर तो आधी चहा संपवायचा. मग म्हणायचा, "तीन नंबरचा नोझल गळतोय. जा, घाट चढंल. पर येताना थांब." ड्रायव्हर येताना थांबायचा, नोझल खोलले जायचे आणि गळणारा तीन नंबरचाच निघायचा. फारच अवघड दुखणं असलं तर मुनव्वर हातभर लांब पेचकस इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटायचा. तेवढा वेळ शेडमध्ये कोणी खोकायचंसुद्धा नाही.

स्वभावाने माणूस तुसडा. गिऱ्हाइकाला बस म्हणायचा नाही, पाणी विचारायचा नाही, आणि कुणी घाई केली तर "मग पुढं जा, रस्ता मोठा हाय" असं सुनवायचा. माणसांबद्दल तो सोयीने बोलायचा. बायकोला, जुबेदाला, तर दिवसाआड काहीतरी थाप मारायचा. पण इंजिनाबद्दल त्याच्या तोंडून खोटं निघालं नाही. एकदा शिळफाट्याचा एक मालक जुना ट्रक विकायला घेऊन आला. गिऱ्हाईक समोर उभं, आणि मालकाने मुनव्वरला आधीच डोळा मारून ठेवलेला. मुनव्वरने इंजिन ऐकलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "घेऊ नको. आतून खलास हाय." तो मालक पुन्हा कधी शेडची पायरी चढला नाही. मुनव्वरला त्याचं काही वाटलं नाही. उलट ही हकीकत तो आल्यागेल्याला सांगायचा, आणि दर खेपेला मालकाचा चेहरा जरा जास्तच पडायचा.

मग गाड्यांत कॉम्प्युटर आले. दुखणं आता वायर जोडून पडद्यावर वाचायचं असं ठरलं. ट्रकमालकांच्या संघटनेचे अध्यक्ष आबाजीशेठ हे मुनव्वरचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. त्यांनी आपल्या अकरा गाड्या एका दिवसात पनवेलच्या मोठ्या गॅरेजला हलवल्या आणि जाताना "कधीतरी येईन चहाला" असं सांगून गेले. आले नाहीत. मुनव्वर जुन्या गाड्यांवर तगून राहिला. जुन्या गाड्या या भागात भरपूर होत्या. नवी गाडी परवडते कुणाला.

त्यानंतर आली बॅटरी.

दोन वर्षांत चौकच्या चहाच्या टपरीवर दोन पक्ष झाले. एक डिझेलवाले, एक बॅटरीवाले. निवडणुकीत होतात तसे. बॅटरीवाल्यांचं म्हणणं, धूर नाही, आवाज नाही, खर्च नाही. डिझेलवाले विचारायचे की वीज कुठून येते, कोळशातूनच ना, आणि आपल्याकडे ती पाऊस पडला की जातेच, मग गाडी काय बैल जोडून न्यायची? दोन्हीकडच्यांना सगळं मोबाइलवरून कळलेलं होतं, त्यामुळे कोणी कुणाचं ऐकायचं कारण नव्हतं. तशात खालापूरच्या एका कारखान्याने ठेकेदारांना कळवलं की पुढच्या वर्षापासून आतल्या मालाला फक्त बॅटरीच्या गाड्या. मग वादाला धार चढली. आबाजीशेठनी मोर्चाची भाषा सुरू केली.

मुनव्वरला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "धूर बंद झाला तर माझी छाती खूश आनि पोट नाराज. त्या दोघांची मीटिंग लावा नि काय ठरलं ते मला सांगा." छातीचं खरं होतं. चाळीस वर्षं डिझेलचा धूर ओढून त्याचा श्वास जिना चढताना शिट्टी वाजवायचा. कर्जतच्या डॉक्टरने शेड सोडायला सांगितलं होतं. शेडशिवाय मुनव्वरला दुसरं काय येतं हे विचारायचं डॉक्टरला सुचलं नाही.

नामा हा त्याचा एकुलता दोस्त. नामा कर्जत रस्त्याच्या आतल्या गावचा, डोंगराच्या पायथ्याला घर, दोन तुकडे भातजमीन आणि एक टेंपो. कर्जतच्या बाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट उगवले तसा नामा त्यांना पिण्याच्या पाण्याचे जार पोचवायला लागला. त्याचा डिझेल टेंपो वीस वर्षं मुनव्वरने सांभाळला. रमजान ईदला नामा सहकुटुंब जेवायला यायचा आणि भाताची कापणी झाली की नव्या तांदळाची पिशवी मुनव्वरच्या घरी पोचायची. दोघं एकमेकांशी फारसं बोलायचे नाहीत. शेजारी बसून रस्त्याकडे बघत राहायचे, आणि तेवढ्यात त्यांचं सगळं बोलून व्हायचं.

नामाचा मुलगा, नाव नवीन, एका कारखान्यात नोकरीला होता. त्याने बापाच्या मागे लागून डिझेल टेंपो विकायला लावला आणि बॅटरीचा घेतला. नामा पहिल्या दिवशी तो टेंपो घेऊन शेडवर आला, जरा ओशाळूनच.

"नवीननं घेतला," तो म्हणाला.

"बरा हाय की. पांढरा हाय," मुनव्वर म्हणाला, आणि दोघं रस्त्याकडे बघत बसले.

नव्या टेंपोला मुनव्वरचं काही काम नव्हतं. तरी नामा यायचा. जारच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्धा तास शेडसमोर गाडी लावायचा, चहा प्यायचा, जायचा.

ऑक्टोबरातली दुपार होती. भाताची कापणी तोंडावर आली होती आणि ऊन जाळत होतं. नामाने टेंपो शेडच्या तोंडाशी लावला आणि उतरता उतरता म्हणाला, "मुनू, पेडल चिरचिरतंय रं. येवढ्यासाठी पनवेलला कुठं जाऊ, सबंद दिस मोडतो. दोन थेंब तेल सोड." मुनव्वरला बरं वाटलं. वर्षभरात नामाने पहिल्यांदा काम सांगितलं होतं. तो तेलाची पळी घेऊन उठला.

इथे एक सांगायला हवं. आपल्याकडचा जुना डिझेल ड्रायव्हर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढत नाही. जुन्या गाडीचा हँडब्रेक लागतच नाही, म्हणून गाडी गिअरात टाकून उतरायचं, ती हलत नाही. नामाच्या हाताला तीस वर्षांची तीच सवय होती. त्याने नव्या टेंपोचा खटकाही पुढे जायच्या खुणेवर तसाच ठेवला. मोबाइल चार्जिंगला लावला होता म्हणून चावी चालूच. आणि तोंडावर पाणी मारायला तो टेंपोच्या पुढ्यातून, भिंतीलगतच्या सिमेंटच्या हौदाकडे गेला.

मुनव्वरने दार उघडलं, डोकं खाली घातलं आणि पेडलांपाशी वाकला. गाडी बंद आहे का, हे त्याने विचारलं नाही. जन्मात कधी विचारलं नव्हतं. चालू गाडी सांगते की मी चालू आहे. हे ज्याला कळत नाही तो कसला मेकॅनिक? टेंपोतून काही आवाज नव्हता, म्हणजे टेंपो बंद. त्याने ब्रेकचं पेडल हाताने दाबून पाहिलं. चिरचिर तिथली नव्हती. मग त्याने शेजारच्या रेसच्या पेडलवर तळहात ठेवला आणि अंगाचा भार टाकला.

टेंपो एकदम पुढे गेला. मुनव्वरचा खांदा दारात अडकून तो फरफटला. हौदाशी धडकून टेंपो थांबला, आणि हौद नि टेंपो यांच्या मध्ये नामाचा उजवा पाय होता.

पाय गुडघ्याखालून काढावा लागला. पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये पोलीस आले तेव्हा नामाने जबाब दिला की मी तोंड धूत होतो, माझी पाठ होती, मला काही दिसलं नाही, कुणाविरुद्ध तक्रार नाही. मुनव्वर त्या हॉस्पिटलमध्ये तीनदा गेला. तिन्ही वेळा तो खाली बाकड्यावर बसून राहिला आणि परत आला. वर जाऊन नामाच्या चादरीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. तिसऱ्या वेळी नामाची बायको अंबाबाई औषधं घ्यायला खाली आली. तिने त्याला बघितलं आणि ती म्हणाली, "भाऊ, वर चला की. ते सारखं तुमालाच इचारतात." त्याने "येतो" म्हटलं. ती लिफ्टमध्ये शिरल्यावर तो उठून एसटी स्टँडकडे चालू लागला. भित्रा माणूस. इंजिनाला न घाबरणारा हा माणूस दोस्ताच्या तोंडाला घाबरला, आणि पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

इकडे चौकला दोन्ही पक्षांना पर्वणी आली होती. डिझेलवाले सांगत होते की टेंपो आपोआप सुटला, या गाड्यांना भूत लागतं. बॅटरीवाले म्हणत होते की अडाणी मेकॅनिकने हात घातल्यावर दुसरं काय होणार. नामाच्या पायाचं दुःख दोन्हीकडे सारखंच कमी होतं.

टेंपो बनवणाऱ्या कंपनीने चौकशीला माणूस पाठवायचं ठरवलं. तो यायच्या आदल्या दिवशी सकाळी आबाजीशेठ शेडवर आले. सात वर्षांनी. स्टुलावर स्वतःच बसले.

"मुनव्वर, सरळ बोलतो," ते म्हणाले. "उद्या येवढंच सांग. तू तेल सोडत व्हतास, रेसला हात लागला नाय, गाडी आपोआप सुटली. संपला विषय. तुझं नाव ऱ्हातं. नामाला कंपनी भरपाई देती, नवी गाडी देती. आपला वकील तयार हाय. आनि आपला मोर्चा जोरात व्हतो."

"नामानं सांगितलंय तुमाला?"

"नामा काय सांगणार? तो पडलाय हॉस्पिटलात. त्याच्या भल्याचंच हाय ना."

 मुनव्वरच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. अकरा गाड्या एका दिवसात नेणारा हा माणूस आज आपल्या स्टुलावर बसून आपल्याला काय बोलायचं ते शिकवतोय, हे त्याला सहन होईना. आणि शिकवतोय काय, तर खोटं. तेही गाडीबद्दल. शिळफाट्याच्या मालकाचा पडलेला चेहरा त्याला आठवला. आबाजीशेठ भरपाई म्हणाले, नवी गाडी म्हणाले, ते त्याच्या कानात शिरलं; पण मनात शिरला तो फक्त मोर्चा.

त्या दिवशी जुबेदाने त्याला विचारलं, "नामाभाऊंशी बोललात?"

"त्याच्याशी काय बोलायचं? जे झालं ते झालं. खरं हाय तेच सांगायचं."

"तरी एकदा इचारा. पाय त्यांचा गेलाय."

"तुला यातलं कळत नाय," असं म्हणून तो हात धुवायला उठला. संध्याकाळचा अख्खा वेळ त्याच्यापाशी होता. पनवेलची गाडी दर अर्ध्या तासाला चौकवरून जाते. तो गेला नाही.

कंपनीकडून नम्रता नावाची तरुण इंजिनीअर आली. पोरगी बोलायला नीट होती, उगाच दरडावणारी नव्हती. शेडसमोर आबाजीशेठ, पंधरा-वीस ड्रायव्हर आणि एका बाजूला नवीन असे सगळे उभे होते. नम्रताने टेंपोला वायर जोडली, हातातल्या पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि मुनव्वरला स्टुलावर बसायला सांगितलं.

"काका, पेडल पूर्ण दाबलं गेल्याची नोंद गाडीत आहे. पण आतला सेन्सर बिघडला तरीही अगदी अशीच नोंद होते. यावरून मला ठरवता येत नाही. तेव्हा तिथे फक्त तुम्ही होतात, म्हणून तुमच्या बोलण्यावर सगळं आहे. सावकाश आठवून सांगा. तुमचा हात त्या पेडलवर होता का?"

नवीन एक पाऊल पुढे आला. मुनव्वरने त्याच्याकडे बघितलं असतं तर त्याच्या चेहऱ्यावर काय आहे ते कळलं असतं. तो आबाजीशेठकडे बघत होता.

"व्हता," मुनव्वर म्हणाला. "पुरा भार देऊन दाबला. गाडीत बिघाड नाय. आवाज नव्हता म्हणून मी समजलो बंद हाय. माझी चूक. गाडीची नाय, नामाची नाय. माझ्या कानाची."

 मुनव्वरला छाती हलकी झाल्यासारखं वाटलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने मान वर केली. त्याला वाटलं, आता सगळ्यांदेखत कमीपणा घेतला, आता आपण नामासमोर उभे राहू शकतो. नम्रताने त्याचं बोलणं लिहून घेतलं, त्याला वाचून दाखवलं आणि त्याची सही घेतली. जाताना ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही खरं बोललात. असं कोणी बोलत नाही." त्याला ते फार बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं.

आबाजीशेठ गाडीत बसताना थुंकले. नवीन तोवर निघून गेला होता.

पुढे जे व्हायचं ते झालं. कंपनीचं पत्र आलं: परवानगी नसलेल्या माणसाने गाडीला हात लावला, गाडीत दोष नाही, कंपनीची जबाबदारी नाही. टपरीवर बॅटरीवाल्यांनी ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. डिझेलवाल्यांचा मोर्चा निघालाच नाही, आणि त्याचं खापर त्यांनी मुनव्वरवर फोडलं. ट्रक शेडसमोरून न थांबता जाऊ लागले. कान चुकला असं मुनव्वरने स्वतःच कबूल केलं होतं. मग कानावर भरवसा ठेवणार कोण? जे चार जुने ड्रायव्हर यायचे तेही आता इंजिन ऐकवण्याआधी विचारायचे, "भाई, नक्की ना?" हा प्रश्न चाळीस वर्षांत त्याला कोणी विचारला नव्हता. मुनव्वरने ते सगळं सोसलं. खरं बोलण्याची किंमत आहे, असं तो स्वतःला सांगायचा, आणि ती आपणच भरतोय या समजुतीत त्याला थोडी शांत झोपही लागायची.

नामा घरी आल्याचं कळलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता. जुबेदाने सांदणं केली, डबा भरून दिला, आणि मुनव्वर एकटाच गेला. नामा पडवीत खाटेवर बसला होता. पँटची उजवी बाजू दुमडून पिन लावलेली. अंगणात टेंपो नव्हता. नवीनने तो मिळेल त्या भावाला विकून टाकला होता, आणि आता तो कारखान्यातून सुटल्यावर दुसऱ्याच्या गाडीवर जार पोचवायला जात होता.

मुनव्वर खाली बसला. दोघं नेहमीसारखे समोर बघत राहिले. पण समोर रस्ता नव्हता, न कापलेला भाताचा तुकडा होता. लोंब्या गळून खाली पडल्या होत्या. यंदा कापायला माणूस मिळालं नव्हतं.

"नामा, मी त्यांना सगळं खरं सांगितलं," मुनव्वर म्हणाला. "तुझ्यावर काय येऊ दिलं नाय. खटका तू ठेवला व्हतास तसा, ते बोललोच नाय मी. सगळं माझ्यावर घेतलं."

नामाने मान हलवली. "नवीननं सांगितलं."

"मला माफ कर."

"पायाचं म्हणतोस? त्याचा मला राग नाय, मुनू. तो दोघांचा मूर्खपणा. पडल्यापडल्याच मला कळलं व्हतं." नामा थांबला. त्याचा आवाज चढला नव्हता. "पोलीस आलं तवा मी काय बोललो? म्हटलं, माझी पाठ व्हती. पाठ नव्हती रं. हौदाशी तोंड धूत असलो तरी दारात वाकलेला तू मला दिसत व्हतास. मी का म्हटलं तसं?"

मुनव्वर डब्याच्या कडीशी चाळा करत बसला.

"म्हटलं, मुनू येईल, बसेल, आपण दोघं बोलून ठरवू काय सांगायचं ते. तुझ्यासाठी जागा ठेवली व्हती मी. एकवीस दिस वाट बघितली. अंबा रोज खाली बघून यायची."

"मला खोटं बोलायचं नव्हतं, नामा. त्या आबाजीच्या सांगण्यावरून तर नायच."

"आबाजीचं सोड. मी सांगितलं असतं तर?"

मुनव्वरने डबा खाटेच्या कडेला ठेवला.

"मी बी कदाचित खरंच बोल म्हटलं असतं," नामा म्हणाला. "माहीत नाय. पर पाय माझा गेला व्हता. त्याच्या बदल्यात काय घ्यायचं, काय सोडायचं, ते मी ठरवायचं व्हतं. तू एकट्यानं ठरवलंस, नि आबाजीच्या नाकावर टिच्चून आलास. तुझं इमान राह्यलं. माझ्या पोराचं काय राह्यलं ते बघ जरा."

अंबाबाई चहा घेऊन बाहेर आली. तिने दोन कप खाली ठेवले आणि मुनव्वरकडे न बघता आत गेली. चहा तसाच निवला. एवढ्या वर्षांत हे दोघं कितीदा गप्प बसले असतील. ते गप्प बसणं त्यांचं होतं. आजचं नव्हतं. मुनव्वर काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या छातीतून नुसती शिट्टी येत होती.

थोड्या वेळाने नामाने खाटेखालची कुबडी ओढून घेतली आणि उठायला लागला. मुनव्वर आधार द्यायला पुढे झाला.

"नको," नामा म्हणाला. "आधी इचारत जा."

मुनव्वरने पुढे केलेला हात मागे घेतला. नामा स्वतःच उठला, एकदा झोक गेला, सावरला, आणि आत जाऊन त्याने दार लोटून घेतलं.